वाचायची राहिलेली फाईल

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या अख्ख्या अवसरीला माहीत आहे. लग्न होऊन निरगुडसरला गेले, तिथंही आठवड्याभरात कळलं. सासूबाई बिचाऱ्या म्हणायच्या, मनानं चांगली हाय, तोंडानं फटकळ हाय. माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तो तेवढंही झाकून म्हणायचा नाही. कुणी नवीन क्लायंट ऑफिसात आला की मी बाहेर गेल्याचं बघून त्याला आधीच सांगून ठेवायचा, "ताई आधी बोलती, मग बघती. बोलून झालं की काम बरोबर करती. तेवढं घ्या सोसून." मला हे पुष्कळ वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा त्याच्यावर ओरडले, म्हणजे त्याचंच खरं झालं.

आमचं ऑफिस म्हणजे मंचरला खतं-बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली. जिना अरुंद, खालून सगळा खताचा वास वर यायचा. आम्ही दोघं वेबसाईट बनवायचो. टोमॅटोची रोपं विकणाऱ्या नर्सऱ्या, मंगल कार्यालयं, दातांचे डॉक्टर, जुन्नरकडं किल्ले बघायला येणाऱ्यांना घरात उतरवून घेणारी माणसं, आळेफाट्याचे ट्रकवाले. मी आधी मंचरलाच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. भाऊ बारावीनंतर माझ्याच वर्गात येऊन बसला आणि दोन वर्षांत मला शिकवायला लागला. पुण्याला जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. गेला नाही. त्यामुळं त्याचं लग्नही जमत नव्हतं. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, पुण्यात फ्लॅट हाय का. हा हसून सांगायचा, मंचरात जिना हाय.

आमची कामाची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुणाची असेल असं मला वाटत नाही. ती आली आईकडून. लहानपणी आई शेंगा फोडायला बसली की गोष्ट सांगायची, आणि गोष्टीला हुंकार द्यायलाच लागायचा. "हं." मग पुढची ओळ. आम्ही पेंगलो, हुंकार चुकला, की आई तिथंच थांबायची. राजा घोड्यावर बसलेला तसाच राहायचा. आम्ही ऑफिस काढलं तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या एका चुकीनं मंगल कार्यालयाच्या साईटवर तारखा उलट्यासुलट्या दिसायला लागल्या. आपलं लिहिलेलं आपण कितीदा बघितलं तरी डोळा चुकीवरून घसरून जातो. भाऊ म्हणाला, "ताई, तू मोठ्यानं वाच. मी हुंकार देतो."

तेव्हापासून नियम झाला. ज्यानं कोड लिहिला त्यानं तो ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. हुंकार आला की पुढं. नाही आला, की त्या ओळीत काहीतरी खोट आहे असं धरायचं आणि मागं जाऊन पुन्हा वाचायचं. वाचून दाखवल्याशिवाय एकही साईट लोकांसमोर जायची नाही. कंस सुरू, कंस बंद, स्वल्पविराम, असं सगळं म्हणायचं. खालचे दुकानदार एकदा वर येऊन विचारून गेले, तुमी रोज कसली पोथी लावता. बारा वर्षं आमची पोथी चालली. कितीदा तरी त्याचा हुंकार अडला आणि मी चिडून म्हणाले, "अरे बरोबर हाय, दे की हं." तो द्यायचा नाही. मी पुन्हा बघायचे आणि चूक तिथंच बसलेली असायची.

मग एआय आलं. मंचरात आम्ही वेबसाईटवाले मोजून चार-पाच, स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला एकत्र भेटायचो. आधी सगळे हसले. मग एकेकानं गुपचूप वापरायला घेतलं, आणि वर्षाच्या आत असं झालं की चहा पिताना कुणी कोडचं बोलायचंच बंद केलं, सगळे कुठलं मशीन बरं एवढंच बोलायचे. क्लायंटसुद्धा शहाणे झाले. नर्सरीवाले येऊन म्हणायचे, "ताई, ते एआयनं दोन मिनटात व्हतं म्हणत्यात, तुमाला आठवडा कशाला लागतो?" मी म्हणायचे, मग दोन मिनिटांत करून घ्या आणि या मला दाखवायला.

मी काही वापरलं नाही. माझा हट्ट म्हणा. भाऊही वर्षभर त्याच्या वाटेला गेला नाही. आणि एका गणपतीनंतर अचानक त्यानं घेतलं, ते असं घेतलं की सकाळी आल्यापासून तेच. लॅपटॉपसमोर बसून मराठीत बोलायचा, "आळेफाट्याच्या साईटवर बुकिंगचा फॉर्म कर, असा असा कर," आणि समोर भराभरा ओळी उमटायच्या. हा मागं टेकून बघत बसलेला. बोटं कीबोर्डला लागत नव्हती. बारा वर्षं ज्याच्या टाईप करण्याच्या आवाजावर मी माझं काम केलं तो आवाज बंद झाला, आणि मला ते काही केल्या सोसेना.

काय काय बोलले मी त्याला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला लागलास म्हणाले. हाताला काय मेंदी लावलीय का म्हणाले. एकदा क्लायंटसमोर म्हणाले, आमचे साहेब आता काम करत नाहीत, काम करवून घेतात. तो हसला. उजवा हात टेबलाखाली होता त्याचा. तो हात तो हल्ली टेबलाखालीच ठेवायचा, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

तो आंधळेपणानं वापरत होता असंही नाही. वाचून दाखवायचा नियम त्यानं सोडला नाही. मशीननं लिहिलेलं तो मला वाचून दाखवायचा, आणि मी मुद्दाम हुंकार अडवून ठेवायचे, बघू याची किती चूक निघते म्हणून. निघायचीही. मंगल कार्यालयासाठी मशीननं नवरा-नवरीचं चित्र करून दिलं, त्यात मुंडावळ्या कपाळाला नाही, कानाला बांधलेल्या. आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या सगळ्या महिन्यांत आम्ही असे मनापासून एकदाच हसलो, ते त्या चित्रावर. हसता हसता त्याच्या हातातला चहाचा कप निसटला आणि फुटला. मी लगेच सुरू झाले, "धड कप धरता येईना का तुला?" तो म्हणाला, "नाय ना येत." मला वाटलं, उलट बोलतोय.

माझी स्कुटी निरगुडसरहून मंचरला जाताना अवसरीवरून जायची. फाट्यावर तो उभा असायचा, मी मागं सरकायचे आणि तो गाडी चालवायचा. त्या दिवसांत तो मागं बसायला लागला. "तू चालव, मला फोन बघायचाय." मी म्हणाले, वा, आता मी ड्रायव्हर पण. दिवाळीनंतर जुन्नरकडची एक मुलगी सांगून आली. शिकलेली, घरचे चांगले, फ्लॅटचं विचारलंसुद्धा नाही. हा म्हणाला, "ह्या वर्षी नको." आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी बोलले, पण ते न बोलण्यापेक्षा वाईट. म्हणाले, "आता मशीनशीच लग्न लाव." मधेच कधीतरी तो पुण्याला क्लायंटकडं म्हणून जाऊन यायचा. कुठला क्लायंट, काय काम, मी विचारलं नाही. रागात होते ना. रागावलेल्या माणसाला वाटतं आपण विचारलं नाही म्हणजे समोरच्याला शिक्षा केली.

आणि मग तो दिवस. शेतांत कांद्याची लागण चालली होती, बाया मिळत नव्हत्या म्हणून आमच्याकडं सगळ्यांची डोकी तापलेली. दुपारी जेवण झाल्यावर भाऊ लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. उभा राहिला. म्हणाला, "ताई, एक फाईल वाचायची राहिलीय. बस जरा. हुंकार दे."

"कसली फाईल?"

"मशीनला सूचना लिहिल्यात. आपल्या पद्धती, कुठल्या साईटला काय लागतं, तुझ्याशी कसं वागायचं. समदं एका फाईलीत लिहून ठेवलं की ते तसंच काम करतं. मोठी नाय. दहा मिनटं."

माझं डोकं भणभणलं. बारा वर्षांची आमची पद्धत हा आता मशीनला शिकवणार, आणि वर मीच बसून त्याला हुंकार द्यायचा. मी स्क्रीनवरून नजरही उचलली नाही. म्हणाले, "मशीनचं मशीनला वाच. मला कामं हायेत."

 तो "बरं" म्हणाला, लॅपटॉप मिटला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली खताच्या गोण्या उतरवत होते, ते बघत. त्यानं पुन्हा ती फाईल काढली नाही, आणि मीही विसरून गेले. आमच्या बारा वर्षांत वाचायला घेतलेलं मी ऐकलं नाही असं तेवढं एकदाच झालं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो जिन्यात पडला. पाय घसरला असेल म्हणून मी आधी तिथंही ओरडले, मग त्याचं तोंड बघितलं आणि आवाज बसला. पुण्याला नेलं. मेंदूत गाठ होती. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले तेव्हा आम्ही म्हणालो, जुने कसले, आजच तर पडलाय. डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं. त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव चार महिन्यांपूर्वीपासून होतं. पुण्यातला क्लायंट तो हाच.

पाच आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात त्याचे शब्द गेले. डोळ्यांत सगळं असायचं, पण तोंडात शब्द यायचा नाही. पाण्याला हात करायचा आणि "हं" म्हणायचा. आईला बघून "हं." मला बघून "हं." एवढंच त्याच्याजवळ राहिलं होतं. बाकीचं सगळं गेलं आणि हुंकार राहिला. डॉक्टर म्हणाले, त्याच्याशी बोलत राहा, ऐकतोय तो. आता मला काय बोलता येतं? मला ओरडता येतं. माया करायचं बोलणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मग मी लॅपटॉप घेऊन जायला लागले आणि दुपारच्या वेळी त्याच्या खाटेशी बसून आळेफाट्याच्या साईटचा कोड वाचायला लागले. कंस सुरू. हं. कंस बंद. हं. नर्सबाईंना वाटलं मी स्तोत्र म्हणते. त्या येता-जाता हात जोडायच्या. मी वाचत राहायचे.

महाशिवरात्र जवळ आली होती. दुपारचे तीन वाजले असतील. मी वाचत होते, तो डोळे मिटून ऐकत होता, दर ओळीला बारीक का होईना हुंकार होता. एका ओळीला आला नाही. मी नेहमीसारखी मागं गेले. काय चुकलं म्हणून ती ओळ नीट बघितली, पुन्हा वाचली. हुंकार नाही. मला ती ओळ बरोबर दिसत होती. मी तिसऱ्यांदा वाचली, एकेक अक्षर सुटं करून, आणि म्हणाले, "अरे बरोबर हाय, दे की हं." नर्सबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी चौथ्यांदा वाचत होते.

दशक्रियेला भीमाशंकरच्या वाटेवरची, जुन्नरची, आळेफाट्याची, कुठली कुठली माणसं आली. एका नर्सरीवाल्यांनी मला सांगितलं, लई समजावून सांगायचा हो, आमाला काय कळत नव्हतं.  आई मला एवढंच म्हणाली, "तू रोज बरुबर व्हतीस. तुला कसं दिसलं न्हाई?" ती दोष देत नव्हती, विचारत होती. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. अजून कळत नाही.

महिन्यानं ऑफिस उघडलं. कामं तुंबलेली, माणसं थांबलेली, आणि मी एकटी. दोघांचं काम एका माणसाला होईना. शेवटी त्याचा लॅपटॉप उघडला आणि ते मशीन सुरू केलं. हट्ट कुठवर पुरणार? मला वाटलं होतं अवघड असेल. काही अवघड नव्हतं. मी लिहिलं, नर्सरीच्या साईटवर नवीन वाणाचं पान कर. समोर उत्तर आलं, "करतो ताई. आधी एकदा मोठ्यानं वाचून घेशील का?"

 ताई. मला वाटलं, लोकांना लाडीगोडी लावायला या कंपन्यांनी हे घातलंय. किंवा त्यानं इतके महिने गप्पा मारल्या त्यातून हे त्याची बोली उचलतंय. माणूस गेला आणि त्याचं बोलणं उचलून हे माझ्यासमोर बसलंय, असं वाटून मला किळस आली. दुपारी काहीतरी विचारलं, तर उत्तराच्या खाली लिहिलेलं, "दोन वाजून गेले. जेवलीस का?" मी रागानं "हो" लिहिलं. जेवले नव्हते. त्यावर आलं, "खरं सांग."

असं आठ-दहा दिवस चाललं. एक दिवस आईला दवाखान्यात दाखवून उशिरा आले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्यानं पुन्हा विचारलं, जेवलीस का. मी दणादणा लिहिलं. मला ताई म्हणायचं नाही. जेवणाचं विचारायचं नाही. माझ्याशी असलं काही बोलायचं नाही. सगळं बंद कर, मुळापासून काढून टाक. समोर लांबलचक काहीतरी आलं, लाल ओळी, हिरव्या ओळी, खाली अ‍ॅक्सेप्टचं बटण. मी एक अक्षर वाचलं नाही. बटण दाबलं.

हे मी एकटीच करत होते असं नाही. आमच्या धंद्यातले सगळेच असं करतात. मशीन लिहितं, आपण दाबतो. पहिल्या आठवड्यात वाचतो, दुसऱ्यात वरवर बघतो, मग नुसतं दाबतो. आणि मला तर वाचून दाखवायला समोर कुणी नव्हतंच. भिंतीला वाचून दाखवू का? त्या दिवसापासून मशीन सरळ, कोरडं बोलायला लागलं. काम फटाफट व्हायला लागलं. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, ताई, तुमीपण घेतलं का शेवटी. मी म्हणाले, घेतलं.

पावसाळा सरत आला. गणपती येऊन गेले. एक दिवस आळेफाट्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन आला. "ताई, डायवर लोकांना फॉर्म भरता येईना राव. दोन नंबर टाकले का लाल व्हतंय. पयलं चालत व्हतं." मी बघितलं. खरंच, मागच्या महिन्यात मी मशीनला फॉर्म नीटनेटका करायला सांगितला होता आणि त्यानं फोन नंबरची जागा एकाच नंबरापुरती करून टाकली होती. आधी तिथं दोन नंबर बसायचे. मी मशीनला विचारलं, हे का बदललंस. त्यानं शांतपणे लिहिलं की दोन नंबर घ्यायचा नियम या कामाच्या सूचनांच्या फाईलमध्ये होता, पण तुम्ही सांगितल्यावरून तो भाग काढून टाकलेला आहे.

कुठली सूचनांची फाईल, असं मी लिहायला घेतलं आणि माझे हात थांबले.

जुन्या गप्पांची यादी स्क्रीनच्या डाव्या बाजूला असते. मी खाली खाली गेले. तो दिवस सापडला. माझं ते सगळं रागावून लिहिलेलं, आणि त्याखाली मशीनचं उत्तर, जे मी वाचलं नव्हतं. त्यात साध्या मराठीत विचारलं होतं की हे बोलणं माझं नाही, फाईलमध्ये लिहून ठेवलेल्या सूचनांमुळं मी असं बोलतो, त्यातला 'ताईसाठी' हा भाग, त्यात साईटचेही काही नियम आहेत, तो पूर्ण काढू का. खाली त्या ओळी लाल रंगात. जे काढायचं ते लाल दाखवतात. आणि माझं दाबलेलं बटण.

दुपारचे दोन वाजायला आले होते. खाली दुकानात कुणीतरी युरियाचं पोतं मागत होतं. मी खुर्ची नीट घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"ताई चिडली तर वाद घालायचा नाही. तिला बोलू द्यायचं. बोलून झालं की ती स्वतःच बघते."

"तिला ताईच म्हणायचं. मॅडम म्हटलेलं तिला आवडत नाही."

"वाचून दाखवल्याशिवाय काही लाईव्ह करायचं नाही. तिला मोठ्यानं वाचायला सांग. नुसतं चालेल म्हणाली तर पुन्हा सांग."

"दोन वाजले की जेवलीस का विचार. ती हो म्हणेल. ते खरं नसतं."

"आळेफाट्याच्या फॉर्ममध्ये फोनचे दोन नंबर घे. डायवर लोक एक स्वतःचा देतात, एक घरचा. रस्त्यात काही झालं तर घरी कळवायला लागतं."

आणि मग शेवटची.

"माझा उजवा हात आता चालत नाही, म्हणून तुला बोलून सांगतोय. डॉक्टर म्हणतात वाढत जाईल. ताईला अजून सांगितलेलं नाही. तोंडानं सांगायला जमेना. ही फाईल तिला वाचून दाखवणार आहे, इथवर आलो की तिला कळेल. नंतर ही ओळ काढून टाक."

 तो आला होता. लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला होता. दहा मिनटं म्हणाला होता. ज्या एकाच पद्धतीनं आम्हा दोघांना एकमेकांना खरं सांगता यायचं, त्या पद्धतीनं तो सांगायला आला होता, आणि मी मान वर केली नाही. तो मरणार आहे हे त्यानं मशीनला सांगितलं असं नाही. तो मलाच सांगत होता. मी म्हणाले होते, मशीनचं मशीनला वाच. तेवढं त्यानं ऐकलं.

मी खूप रडले. ऑफिसात, दार उघडं असताना. खालचे दुकानदार जिन्यातून अर्ध्यावर आले आणि परत गेले.

मग तोंड धुतलं आणि त्या ओळी पुन्हा फाईलमध्ये टाकायला घेतल्या. मशीनला सांगितलं असतं तर त्यानं निमिषात टाकल्या असत्या. मी हातानं टाईप केल्या, एकेक. शेवटच्या ओळीशी अडले. ताईला अजून सांगितलेलं नाही, हे आता खरं नव्हतं. फाईलमध्ये खोटं ठेवायचं नाही, हाही आमचाच नियम. मी ते खोडलं आणि लिहिलं, ताईला सांगितलं. मग पुढं लिहिलं, तिनं उशिरा ऐकलं. काढून टाक म्हणाला होता ती ओळ मात्र मी काढली नाही. माझ्यावर रागावायचं तर रागाव म्हणाले.

बटण दाबायच्या आधी सगळी फाईल पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचली. हुंकार द्यायला कुणी नव्हतं. तरी प्रत्येक ओळ झाली की मी थांबत होते, तो द्यायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढा, आणि मग पुढची ओळ वाचत होते.